पांझरेकाठचे फड

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर उगम पावून पिंपळनेरच्या खोऱ्यात उतरणारी, साक्री तालुका ओलांडून धुळे शहराच्या मधून वाहत जाणारी आणि शेवटी शिंदखेडे तालुक्यात मुडावदपाशी तापीला मिळणारी पांझरा ही महाराष्ट्राच्या मोठ्या नद्यांत कोणी मोजत नाही. शाळेच्या भूगोलात तापीच्या उपनद्यांच्या यादीत तिचे नाव येते आणि पुढच्या नावाला जागा देऊन ते मागे पडते. परंतु पाण्याच्या कारभाराचा ज्याने थोडाबहुत विचार केला आहे त्याने या नदीच्या काठी काही दिवस तरी काढावेत असे मला वाटते. कारण पाणी मोजके आहे, जमीन त्याहून पुष्कळ अधिक आहे आणि मागणारे हात त्याहूनही अधिक आहेत, अशा स्थितीत ते पाणी भांडणतंटा न होता आणि कोणाचा बळी न देता वाटून कसे घ्यावे, हा जो प्रश्न आज अवघ्या महाराष्ट्राला छळतो आहे, त्याचे एक उत्तर या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी तीन-चारशे वर्षांपूर्वी शोधले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवून दाखविले. त्या उत्तराचे नाव फड पद्धती.

पांझरेवर आणि तिला मिळणाऱ्या कान नदीवर, तसेच शेजारच्या बागलाण-मालेगावकडील मोसम, आरम आणि गिरणा या नद्यांवर ही पद्धती रुजली. या मुलखाचे पर्जन्यमान मुळातच बेताचे. घाटमाथ्यालगत पाऊस बरा होतो, परंतु पूर्वेकडे सरकावे तसा तो झपाट्याने उणावतो, आणि धुळ्याकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात. असे असूनही या नद्यांच्या काठी उसाचे आणि भाताचे हिरवे पट्टे शतकानुशतके टिकून राहिले, याचे कारण डोंगरात पडलेल्या पावसाचे पाणी हिवाळाभर झिरपत नदीला येत असे आणि ते वाहते पाणी शेतापर्यंत नेण्याची कला येथील लोकांनी साध्य केली होती.

या कलेचा पहिला घटक म्हणजे बंधारा. खानदेशच्या भूमीखाली काळ्या पाषाणाचे थर एकावर एक पसरले असून नदीच्या पात्रात ते ठिकठिकाणी आडवे उघडे पडलेले असतात. जुन्या कारागिरांनी अशा जागा हेरल्या आणि दगडचुन्याचे बांधकाम त्या जिवंत खडकावरच उभे केले. खडक जसा वळेल तसा बंधाराही वळवावा, सरळ रेषेचा आग्रह धरू नये, हे त्यांचे धोरण असावे असे ते वाकडेतिकडे परंतु भक्कम बंधारे पाहताना मनात येते. या बंधाऱ्यांची उंची माफक असते. पाण्याचा साठा करणे हा त्यांचा उद्देशच नव्हे. नदीची पातळी पाटाच्या तोंडापर्यंत चढविणे एवढेच त्यांचे काम, आणि म्हणून पावसाळ्यातला पूर त्यांच्या माथ्यावरून निर्वेध निघून जातो. साठवणीच्या धरणाचे आयुष्य गाळ खाऊन टाकतो. वाहत्या पाण्याच्या या बंधाऱ्यांना ती धास्ती पुष्कळच कमी. शिवाय हे बंधारे नदीवर एकाखाली एक बांधलेले असल्यामुळे वरच्या बंधाऱ्याच्या शेतांत मुरलेले पाणी काही काळाने पाझरून पुन्हा पात्रात येई आणि खालच्या बंधाऱ्याच्या वाट्याला जाई. एकच पाणी अनेक गावांच्या कामी येत असे, आणि ते यावे म्हणून वरच्या गावाने पात्र कोरडे पाडू नये ही मर्यादा त्या रचनेतच अंतर्भूत होती.

बंधाऱ्याच्या एका अंगाने कालवा निघतो. त्याची लांबी कोठे दोन किलोमीटर तर कोठे बारा किलोमीटरपर्यंत असते. कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग म्हणून ओळखले जाणारे शेतपाट, आणि अतिरिक्त पाणी परत नदीकडे वाहून जावे म्हणून जागोजाग सांडवे, असा हा विस्तार आहे. जमिनीत पाणी तुंबून ती खारावली की उसाचा मळा दोन पिढ्यांत उजाड होतो, हे आपण नंतरच्या मोठ्या कालव्यांखाली अनुभवले. फडाच्या रचनेत मात्र पाणी आणण्याइतकीच पाणी काढून देण्याची चिंता वाहिलेली दिसते. अशा रीतीने भिजणाऱ्या क्षेत्राला कायम बागायत म्हणतात, आणि ही कायम बागायत सामान्यतः चार भागांत विभागलेली असते. हे भाग म्हणजेच फड. एकेक फड लहान असला तर दहा हेक्टरांचा आणि मोठा असला तर दोनशे हेक्टरांपर्यंतचा.

येथपर्यंत सांगितले ते दगडमातीचे काम झाले, आणि असे काम अन्यत्रही झालेले आहे. फड पद्धतीचा खरा प्राण यापुढच्या व्यवस्थेत आहे. एका फडात एका वर्षी एकच पीक घ्यायचे असा नियम आहे. चार फडांपैकी एकात ऊस, दुसऱ्यात भात, तिसऱ्यात ज्वारी, गहू किंवा हरभरा यांसारखे हंगामी पीक, आणि एखादा फड पड, अशी मांडणी गावाने एकत्र बसून नदीतील पाणी पाहून करायची, आणि पुढच्या वर्षी पिकांची जागा बदलायची. माझ्या शेतात मी काय पेरावे हे मी एकटा ठरवीन, असे म्हणण्याची मुभा कायम बागायतीतल्या कोणत्याही खातेदाराला नव्हती, मग तो गावचा पाटील का असेना.

वरवर पाहता हा निर्बंध जाचक वाटतो, परंतु त्याचे फायदे पाहिले म्हणजे त्यामागचे शहाणपण कळते. सबंध फडात एकच पीक असल्यामुळे सर्वांना पाण्याची गरज एकाच वेळी, एकाच प्रमाणात भासते; पाळी आली की पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सलग सरकत जाते, आणि आज याच्या गव्हाला, उद्या त्याच्या उसाला म्हणून चाऱ्या पुन:पुन्हा ओल्या करून पाण्याची नासाडी करावी लागत नाही. राखण एकत्र होते, कापणी एकाच सुमारास उरकते, फेरपालटामुळे जमिनीचा कस टिकतो. परंतु मला या व्यवस्थेत सर्वांत मोलाची वाटते ती याहून निराळी गोष्ट. सामान्यतः प्रत्येक खातेदाराची जमीन चारही फडांत थोडीथोडी विखुरलेली असते. आधुनिक कृषिशास्त्राच्या दृष्टीने हे जमिनीचे तुकडेकरण, आणि तुकडेबंदीच्या कायद्याच्या दृष्टीने तर दोषच. तथापि ज्या वर्षी नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी गाव एखादा फड पड ठेवतो, उसाचे क्षेत्र आखडते, आणि त्या फडात प्रत्येकाचा तुकडा असल्यामुळे टंचाईची झळ प्रत्येकाला त्याच्या त्याच्या धारणेच्या प्रमाणात लागते. मोठ्या कालव्यांवर मुखाशी असलेला शेतकरी दुष्काळातही ऊस भिजवितो आणि पुच्छाशी असलेला हरभऱ्यासाठी आभाळाकडे पाहतो. फडाच्या क्षेत्रात मुख आणि पुच्छ यांच्यामधले हे वैर उद्भवायलाच जागा ठेवलेली नाही, कारण मुखाशी शेत असलेल्या माणसाचेच दुसरे शेत पुच्छाशी असते.

एवढा कारभार चालवायचा म्हणजे माणसे हवीत, आणि ती गावाने नेमली. गावातील जाणत्या पंचांची समिती धोरण ठरवी. तिच्या हाताखाली हवालदार देखरेख करी, पाटकरी पाणी फिरवीत, आणि जागल्या उभ्या पिकाची राखण करी. या सेवकांना पूर्वी पिकातून धान्य मिळे, पुढे रोख वेतन मिळू लागले. शेतात पाणी धरण्याचे काम खातेदाराने स्वतः करायचे नसून ते पाटकऱ्यावर सोपवायचे, या वहिवाटीकडे मी वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. पाटकऱ्याची निष्ठा एखाद्या शेताशी नसून सबंध फडाशी असते. त्याला अमक्याचा वाफा तुडुंब भरण्यात आणि तमक्याचा अर्धा ठेवण्यात काही लाभ नाही. ज्याचे पीक सुकते आहे त्याच्याच हाती पाण्याचे दार दिले म्हणजे तो किती सज्जन असला तरी काय करील हे त्या जुन्या लोकांनी ओळखले होते, आणि माणसाच्या सज्जनपणाची परीक्षा पाहण्यापेक्षा त्यांनी व्यवस्थेचीच तशी तजवीज केली. कालव्यातील गाळ काढणे, भगदाडे बुजविणे, बंधाऱ्याची डागडुजी ही कामेही खातेदारांनी जमिनीच्या प्रमाणात श्रम वा पैसा देऊन करायची असत. सरकारच्या दप्तरात अर्ज देऊन मंजुरीची वाट पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर येत नसे.

या व्यवस्थेची थोरवी सांगताना तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण भूतकाळाचे अवाजवी गौरवीकरण हा आपल्या समाजाचा जुना दोष आहे. फडातील न्याय हा जमीनधारकांपुरता न्याय होता. ज्याच्या नावावर कायम बागायतीत जमीन नाही अशा कोरडवाहू शेतकऱ्याचा, भूमिहीन मजुराचा, गावकुसाबाहेर राहणाऱ्या कुटुंबांचा त्या पाण्यावर कसलाही हक्क नव्हता. जो जागल्या रात्र रात्र जागून उसाची राखण करी त्याच्या स्वतःच्या मुलाबाळांना त्या फडात वाफा नव्हता. ज्या स्त्रिया निंदणी-खुरपणी करून ते पीक उभे करीत त्यांना पंचांच्या बैठकीत स्थान नव्हते. नदी सर्वांची असे म्हणत असताना तिचे पाणी मात्र सातबाऱ्याच्या उताऱ्यावरच मोजले जात होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. पुढे पुरंदर तालुक्यात पाणी पंचायतीच्या रूपाने जे घडले, आणि ज्याविषयी खाली लिहिले आहे, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवरच नीट उमगते.

या बंधाऱ्यांचे निर्माते कोण, याविषयी लोकपरंपरा मुसलमानी अंमलाकडे बोट दाखविते. फारुकी घराण्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून खानदेशावर राज्य केले आणि १६०१ साली असीरगड अकबराच्या हाती पडल्यावर ते संपले. पुढे मोगल, निजाम आणि मराठे यांच्या अंमलाखाली हा मुलूख फिरत राहिला. बंधारा टिकला आणि पाट वाहिला तर पाटस्थळ जमिनीचा वसूल वाढतो, हे प्रत्येक राजवटीला उमगत होते, म्हणून राज्यकर्ते बदलले तरी बंधाऱ्यांना संरक्षण मिळत राहिले असावे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मात्र होळकर-पेशव्यांच्या बखेड्याने आणि १८०३-०४ च्या भीषण दुष्काळाने खानदेश अक्षरशः ओसाड झाला. १८१८ नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला ठाणे करून नवा कारभार मांडला त्या वेळी गावेच्या गावे उजाड आणि पुष्कळसे जुने बंधारे फुटक्या अवस्थेत होते. त्यांपैकी काही पुढे दुरुस्त झाले. लोक परतले, आणि लोकांबरोबर फडही परतले. जी व्यवस्था कागदावर लिहिलेली नव्हती ती उजाड झालेल्या मुलखात पुन्हा उभी राहिली, याचा अर्थ ती माणसांच्या अंगवळणी पडलेली होती.

या इतिहासात एक प्रकरण असे आहे की ते महाराष्ट्रात फारसे कोणी आठवीत नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ साली पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेला एक तरुण अभियंता मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात १८८४ साली रुजू झाला, आणि त्याच्याकडे आलेल्या अगदी आरंभीच्या कामांपैकी एक होते ते पांझरेच्या एका पाटासाठी नळाचा उलटा वक्रनाल बांधण्याचे. तो तरुण म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनच्या कालव्यांवर पाण्याच्या नासाडीचा प्रश्न उभा राहिला तेव्हा याच अभियंत्याने नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धती सुचविली: भिजणारे क्षेत्र ठराविक गटांत बांधायचे, प्रत्येक गटात उसाला एक मर्यादित हिस्सा द्यायचा, उरलेल्यात हंगामी पिके घ्यायची आणि पिकांचा फेरपालट करायचा. पांझरेकाठी घालविलेल्या दिवसांत फड पाहूनच ही कल्पना त्यांना सुचली असे सिद्ध करण्यास मजजवळ लेखी पुरावा नाही. परंतु दोन्ही पद्धतींचे साम्य इतके निकटचे आहे की ते पाहून कोणाही विचारी माणसाच्या मनात हा तर्क उमटावा. नीरेवर मात्र ही पद्धती खात्याच्या करारमदाराने चालली, गावाच्या बैठकीने नव्हे, आणि उसाची ओढ वाढत गेली तसतसे तिचे बंध सैल होत गेले.

१८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने नद्यांचे पाणी कालव्यासाठी घेण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती घेतला. फडांच्या वहिवाटीला त्याने लगेच धक्का लावला नाही, परंतु पाण्याचा मालक कोण या प्रश्नाचे उत्तर तेव्हापासून गावाकडून कचेरीकडे सरकले. स्वातंत्र्यानंतर धरणांचे युग आले. मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर, कानवर मालनगाव, पांझरेवर लाटीपाडा आणि पुढे अक्कलपाडा अशी धरणे उभी राहिली. त्यांची आवश्यकता मी नाकारीत नाही. धुळ्यासारख्या वाढत्या शहराला पिण्याचे पाणी हवेच होते, आणि कायम बागायतीबाहेरच्या शेकडो गावांनाही पाणी मागण्याचा तितकाच हक्क होता. परंतु नदीच्या डोक्यावर धरण आले की हिवाळाभर पात्रातून वाहणारा प्रवाह थांबतो आणि त्याच्या जागी आवर्तन येते, म्हणजे अधिकाऱ्यांनी ठरविलेल्या दिवशी ठरविलेले पाणी. फडाची सारी मांडणी नदी पाहून निर्णय घेण्यावर आधारलेली होती. नदीत काही पाहण्याजोगे उरले नाही तेव्हा पंचांच्या बैठकीचा आधारच गेला.

तरीही माझ्या मते फडाला सर्वांत मोठा तडा धरणाने गेला नाही, तो विजेच्या पंपाने गेला. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरींची संख्या वाढत गेली, पाठोपाठ कूपनलिका आल्या, आणि ज्याच्याजवळ विहीर खोदण्याइतका पैसा होता त्याला फडाच्या शिस्तीत राहण्याचे कारण उरले नाही. ऊस नको असे गावाने ठरविले तरी तो स्वतःच्या विहिरीवर ऊस लावू शकत होता. ते विहिरीचे पाणी मुळात कोठून आले होते? ते फडात मुरलेले, पाटातून झिरपलेले, नदीकडे परत जाणारेच पाणी होते. खालच्या बंधाऱ्याला जे मिळायचे ते मध्येच उपसले गेले. उपसणाऱ्याने ते चोरी म्हणून केले नाही, कारण आपल्या जमिनीखालचे पाणी आपले, अशीच आपल्या समाजाची आणि दीर्घकाळ आपल्या कायद्याचीही समजूत होती. त्यातच नदीपात्रातील वाळूचा उपसा वाढला, पात्र खोल गेले, आणि पाझराचे पाणी धरून ठेवणारा थर नाहीसा झाला. वाटण्या होत होत फडातले तुकडे इतके बारीक झाले की काही खातेदारांना त्यांत लक्ष घालणे परवडेना. पूर्वीच्या फडांपैकी काही आजही चालतात, काही नावापुरते चालतात, आणि काहींचे बंधारे आणि कोरडे पाट तेवढे उरले आहेत.

जमीन नसलेल्याला पाण्यात वाटा न देण्याचा जो दोष फडांत होता त्यावरचा विचार निराळ्या ठिकाणी, निराळ्या माणसाने केला. पुण्याचे अभियंता आणि उद्योजक विलासराव साळुंखे १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात फिरले तेव्हा त्यांनी पाहिले की रोजगाराची कामे चालू आहेत, माणसे खडी फोडीत आहेत, पण त्यांच्या श्रमांतून त्यांच्याच गावाचे पाणी वाढत नाही. नायगावच्या एका देवस्थानाची चाळीस एकर माळजमीन त्यांनी खंडाने घेतली, बांधबंदिस्ती केली, पाणी अडविले आणि तेथेच राहून प्रयोग केला. त्यातून पाणी पंचायत जन्मली. तिचे नियम आजही वाचणाऱ्याला थक्क करतात: पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात नव्हे तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात, दर माणशी अर्ध्या एकरापुरता आणि एका कुटुंबाला अडीच एकरांपेक्षा अधिक नाही, जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, भूमिहीनालाही पाण्यात वाटा, आणि उसासारखे बारमाही पीक वर्ज्य. उपसा योजनेच्या खर्चातील एक पंचमांश हिस्सा लाभधारकांनी उचलायचा. फडाने जी गोष्ट जमिनीपुरती केली होती ती साळुंख्यांनी माणसापर्यंत नेली. या विचाराला सरकारी धोरणात अखेरपर्यंत स्थान मिळाले नाही, साळुंखे २००२ साली निवर्तले, आणि महाराष्ट्राने त्यांना पुरस्कार दिले, परंतु त्यांचा नियम स्वीकारला नाही. याची खंत मला येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारची कीर्ती सर्वश्रुत आहे, म्हणून तिचे वर्णन करण्यात मी जागा घालवीत नाही. परंतु तेथे जाणारे पाहुणे डोंगरावरचे समतल चर आणि हिरवळ पाहून परततात आणि जी गोष्ट पाहायला हवी ती पाहायची राहते. १९८९ पासून पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली या गावाने पाणी जमिनीत मुरविले, हे खरे. पण मुरलेले पाणी टिकले ते पुढच्या निर्णयांमुळे. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, आणि पावसाळा संपताच पाण्याचा ताळेबंद मांडून, पिण्याचे पाणी आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला ठेवून, उरलेल्यात कोणती पिके किती घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचे. पाऊस कमी झाला त्या वर्षी रब्बीचे क्षेत्र कमी करायचे. पांझरेकाठी नदीकडे पाहून होणारा निर्णय येथे विहिरींची पातळी आणि पर्जन्यमापकाचा आकडा पाहून होतो. एरवी तो तोच निर्णय आहे.

नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पाचा मार्ग निराळा. ओझर येथे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या द्वारे कालव्याच्या पुच्छाकडील शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या, आणि पुढे सबंध प्रकल्पाचा कारभारच शेतकऱ्यांच्या हाती आला. येथे पीक कोणते घ्यावे याचे बंधन नाही. पाणी घनमापनाने मोजून मिळते आणि संस्थेच्या वाट्याचा कोटा हंगामापूर्वी ठाऊक असतो. माणूस द्राक्षे लावो की गहू, मापाबाहेर पाणी नाही. २००५ साली सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला, त्यामागे या अनुभवाचे मोठे पाठबळ होते. कायद्यानंतर राज्यभर संस्था कागदावर पुष्कळ स्थापन झाल्या. मापाने पाणी देण्याची यंत्रणा मात्र थोड्याच ठिकाणी उभी राहिली, आणि जेथे माप नाही तेथे संस्था ही केवळ पाणीपट्टी गोळा करणारी शाखा ठरते.

धुळे जिल्ह्यातच पाण्याच्या कामाची आणखी दोन उदाहरणे आहेत. शिरपूर तालुक्यात नाले रुंद आणि खोल करून पाणी जमिनीत उतरविण्याचा जो प्रयोग झाला त्याची राज्यभर वाखाणणी झाली, आणि पुढच्या अनेक योजनांत यंत्राने नाले खोदण्याचा सपाटा लागला. पाणी मुरविण्याचे हे सामर्थ्य मी मान्य करतो, परंतु वाढलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावीत याचा निर्णय कोणीच न घेतल्यामुळे अशा कामांचे फळ अल्पायुषी ठरण्याचा धोका असतो; चार वर्षे विहिरी भरतात, पाचव्या वर्षी पंपांची शक्ती वाढते. दुसरे उदाहरण साक्री तालुक्यातील बारीपाडा या लहानशा आदिवासी वस्तीचे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने १९९० नंतर या लोकांनी सुमारे अकराशे एकर उजाड वनजमिनीची राखण पत्करली, झाड तोडणाऱ्याला दंड ठरविला, चराईला आणि बाहेरच्या गाड्यांना बंदी केली, आणि ज्या गावात उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण होती तेथील विहिरी शेजारच्या वस्त्यांना पाणी देऊ लागल्या. चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. नदीला हिवाळ्यात पाणी का असते आणि का नसते याचे उत्तर बंधाऱ्यापाशी शोधून पुरे होत नाही. ते डोंगरावर, झाडांच्या मुळांशी शोधावे लागते, आणि ते राखणारे हात बहुधा असे असतात की ज्यांचे खालच्या फडांत एक गुंठाही नाही.

महाराष्ट्राने भूजलाच्या व्यवस्थापनाचा कायदा २००९ साली केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना शेतीसाठी मनाई आहे आणि अधिसूचित क्षेत्रात उपलब्ध भूजल पाहून पीक योजना आखण्याची तरतूद आहे. कायद्याच्या रूक्ष भाषेत लिहिलेले हे फडाचेच तत्त्व होय, आणि ते वाचताना मला समाधान वाटले. पण त्या तरतुदीखाली पीक योजना ठरविण्यास जी समिती बसायची ती तालुक्याच्या कचेरीत बसून भागणार नाही. खातेदार, भूमिहीन आणि स्त्रिया एकत्र येतील अशा गावच्या बैठकीतच ती बसली पाहिजे, आणि ज्याची विहीर आहे त्यानेही तिचे पाणी गावाच्या हिशेबात धरू दिले पाहिजे. पांझरेच्या खोऱ्यात ही सवय अजून काही गावांत जिवंत आहे. वाकडे बंधारे पाषाणावर घट्ट उभे आहेत, पाटांच्या रेषा शेतांतून ओळखू येतात, आणि पाणी पाहून पीक ठरविण्याचे ज्ञान असलेली माणसे भेटतात. धरणांच्या आवर्तनात या फडांना बंधाऱ्यावार ठराविक हिस्सा नेमून द्यावा, तो घनमापनाने मोजावा, आणि फडाबाहेरच्या कुटुंबांनाही त्यात वाटा राहील अशी अट त्याला घालावी, एवढे करण्यास नवे धरण लागत नाही. कालवा सल्लागार समितीची बैठक दरवर्षी पावसाळ्यानंतर होतेच. त्या बैठकीत बंधाऱ्यावार आकडा ठरून तो ऑक्टोबर संपण्यापूर्वी पंचांच्या हाती पडला पाहिजे, कारण रब्बीला किती फड भिजवावयाचे आणि ऊस एका फडात ठेवावयाचा की दोन फडांत, हे त्यांना त्या आकड्यावरूनच ठरवावे लागते.